बाजार नव्हे, बाहार!

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, मित्रांनो, एस.टी.ची. लाल गाडीच्या पुढच्या काचेत पत्र्याची पाटी उभी असायची, ती वाचून तुमचे आजी-आजोबा गाडीकडे धावायचे किंवा हिरमुसून मागे सरायचे, ती मी. माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : लोणार – मेहकर – खामगाव.

मला रंगवणारा पेंटर घाईत होता. त्याने आधी 'लोनार' लिहिले. कुणीतरी ओरडून सांगितले, तेव्हा त्याने 'न'वर 'ण' चढवला. आजही मला उन्हात तिरके धरले, तर 'ण'च्या खाली तो 'न' दिसतो. ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. पण अक्षराच्या चुकीने किती लाज वाटते, हे मला जन्मापासून ठाऊक आहे, एवढे लक्षात ठेवा.

माझ्या गाडीचे कंडक्टर होते रामराव. रोज सकाळी ते स्वतःच्या रुमालाने मला पुसत आणि मगच काचेत उभे करत. मी दिसले की स्टँडवर एकच गलका व्हायचा. ज्यांना वाचता येत नसे ते शेजारच्याला विचारत, शेजारचा माझ्याकडे बोट दाखवी. गाडी ड्रायव्हर चालवतो हे मला मान्य होते, पण कुठे जायचे ते मी ठरवते, असाही माझा पक्का समज होता. तोरा म्हणा हवा तर.

रामरावांची एक सवय होती. शेवटचा थांबा आला की ते दारात उभे राहून हाक देत, "उतरले काय सगळे? कोणी राह्यलं त नाही?" मग एकेक बाक पाहत मागपर्यंत जात. कधी एखादा झोपलेला बाबा सापडे, कधी कुणाची छत्री. गाडी पुरती रिकामी झाल्याशिवाय त्यांनी मला काचेतून कधी काढले नाही.

पुढे गाड्यांना लाल दिव्यांच्या अक्षरांच्या पाट्या आल्या. त्याच वर्षी रामराव निवृत्त झाले. साहेबांना विचारून ते मला लोणारला घरी घेऊन आले. मला वाटले, आता दिवाणखान्यात भिंतीवर जागा मिळणार. पण त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी मला एकदा उलटसुलट करून पाहिले आणि गच्चीवरच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवून दिले. तीन वर्षे माझ्यावर कावळे बसले. माझा सगळा तोरा तिथे उतरला.

तिथून मला खाली आणले काजलने. काजल ही रामरावांची मुलगी, बी.ए. झालेली. तिने माझी कोरी बाजू घासली, तिला फळ्याचा काळा रंग दिला आणि मला अंगणातल्या भिंतीला टेकवून उभे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खडूने माझ्यावर इंग्रजीच्या अक्षरांत एक शब्द लिहिला. रामराव दात घासत आले, चष्मा न लावताच वाकून पाहू लागले.

"बाजार?" ते म्हणाले. "काय बाजाराची यादी करून राह्यली काय पोरी? मंग खाली भाज्या लिही ना."

"बाजार नाही हो बाबा, बाहार! लिहितात ज, पण म्हणतात ह. स्पॅनिश आहे ते."

"म्हंजे काय?"

"उतरणे."

रामरावांच्या तोंडातला फेस तसाच राहिला. आयुष्यभर माणसे उतरवली, पण उतरण्याला असा शब्द असेल हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. आणि सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मी गच्चीवरची तीन वर्षे विसरले.

आता हे स्पॅनिश कशाला, तर ऐका. आमच्या लोणारचे विवर बघायला देशोदेशीचे लोक येतात. इंग्रजी बोलणारे वाटाडे गावात आहेत, स्पॅनिश बोलणारे कोणी नाही. संभाजीनगरच्या एका सहल कंपनीला तसे माणूस हवे होते. काजलने दीड वर्ष पुण्याच्या शरयू मॅडमकडे मोबाइलवर शिकवणी लावली होती. दुसरीकडे पुण्यातल्याच एका कार्यालयातून तिला नोकरीचे पत्र आले होते, एक तारखेला हजर व्हा म्हणून. पण तिला लोणार सोडायचे नव्हते. "विवराच्या ज्या पायऱ्या मी पाचव्या वर्षापासून उतरते, त्या दाखवाले दुसरं कोणी कशाले?" असे ती आईला म्हणे. कोकिळाबाईंनी मात्र पुण्याचे पत्र देवघरात ठेवले होते.

तर माझ्या अंगावर उजळणीचे तक्ते मांडले जाऊ लागले. हे क्रियापद म्हणे अगदी नियमाने चालणारे. शेवटचा 'आर' काढायचा आणि माणसाप्रमाणे शेपूट लावायचे. बाहो म्हणजे मी उतरते. बाहास, तू उतरतेस. बाहा, ती उतरते. बाहामोस, आपण उतरतो. भविष्यात गेले तर मूळ शब्द तसाच ठेवून पुढे जोडायचे : बाहारे, मी उतरेन. पूर्वी नेहमी घडायचे त्याला बाहाबा, मी उतरायचे. मला हे सोपे वाटले. मेहकर, मग खामगाव, असेच ते एकामागून एक येत होते.

एक गंमत झाली. मॅडमनी मोबाइलवर विचारले, "आत्ता चालू असलेली क्रिया मराठीत कशी म्हणाल?" काजल पटकन म्हणाली, "मी उतरून राह्यली." मॅडम हसल्या. "असं नाही म्हणत. मी उतरत आहे, असं म्हणा." काजलचा चेहरा एवढासा झाला. पुण्याच्या माणसापुढे आमची भाषा अशीच ओशाळते.

कंपनीच्या शौनक सरांनी मोबाइलवर तिची परीक्षा घेतली, तेव्हा मी तिच्या मागेच भिंतीला टेकून होते. "विवराची कथा सांगा," ते म्हणाले. काजलला सांगायचे होते की आकाशातून एक उल्का खाली उतरली. ती म्हणाली, "उन मेतेओरितो बाहो." मग शौनक सर मराठीत म्हणाले, "तुम्ही उतरता का आकाशातून? उल्का उतरली की तुम्ही?"

तिला चूक कळलीच नाही. ती गोंधळली, आणि पुढची सगळी वाक्ये वर्तमानकाळात बोलत गेली. लाखो वर्षांपूर्वीची उल्का आत्ता पडते आहे, असे. सर नम्रपणे म्हणाले, "महिनाअखेर चार पाहुणे येणार आहेत. मी सोबत असेन. तेव्हा जमलं तर जमलं."

महिनाअखेर म्हणजे पुण्याच्या एक तारखेच्या आदल्या आठवड्यात. काजल माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने माझ्यावरचा तक्ता पुन्हा पाहिला. 'मी उतरते' आणि 'ती उतरली' या दोन्हींच्या स्पॅनिश शब्दांची अक्षरे तीच होती. फक्त दुसऱ्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर एक बारीक तिरकी रेघ. खडू घसरला असेल असे समजून तिनेच ती कितीदा बोटाने पुसली होती. मी तिला सांगणार कशी? माझ्या 'ण'खालचा 'न' मला त्या दिवशी फार टोचला.

शरयू मॅडमनी समजावले की ती रेघ म्हणजे आवाजाचा जोर. पहिल्या अक्षरावर जोर दिला की 'मी उतरते'. शेवटच्यावर दिला की 'ती उतरली'. पण काजलच्या तोंडातून दोन्ही सारखेच निघत. चार दिवस ती घोकत होती, आणि चारही दिवस उल्केच्या जागी तीच उतरत होती. पाचव्या दिवशी तिने खडू फेकला. "जाते मी पुण्याले."

रामराव ओट्यावर बसून ऐकत होते. ते आत गेले आणि पेटीतून तिकिटाला भोक पाडायचा आपला जुना चिमटा घेऊन आले. "तू बोल," ते म्हणाले. "मले तुही भाषा येत नाही. पण जोर कुठं द्याचा ते सांग, तिथं मी वाजवतो. सिंगल बेल म्हंजे थांब, डबल बेल म्हंजे चाल, हे गाडीले समजते. तुले काऊन नाही समजणार?"

आणि त्यांनी चिमट्याने माझ्या पत्र्यावर हाणले. बा-वर टण : बाहो, मी उतरते. हो-वर टण : बाहोऽ, ती उतरली. बाहेऽ, टण, मी उतरले. मित्रांनो, मला लागत होते, खोटे कशाला बोलू? माझ्या उजव्या कडेला तेव्हाचे पोचे आहेत, मोजून घ्या. पण तिसऱ्या दिवशी कोकिळाबाई भाकरी थापताना सहज म्हणाल्या, "आता येगळं ऐकू येते हो. आधी दोन्ही एकच वाटे." काजलने आईला पिठाच्या हातांसकट मिठी मारली.

महिनाअखेरच्या त्या सकाळी काजलने माझ्या काळ्या बाजूवर पाहुण्यांच्या भाषेत 'या, स्वागत आहे' असे लिहिले आणि मला डोक्यावर उंच धरून ती एस.टी. स्टँडवर उभी राहिली, कारण कंपनीची गाडी तिथे येणार होती. इतक्या वर्षांनी मी स्टँडवर! एक म्हातारे माझी मागची बाजू वाचून गाडी केव्हाची म्हणून विचारू लागले. मला रडू आले असते, पत्र्याला रडता येत असते तर.

चार पाहुणे उतरले, मागून शौनक सर. काजलने मला काखेत घेतले, विवराचे चित्र काढून दाखवायला खडूही घेतला. विवराच्या पायऱ्यांशी पोहोचल्यावर पाहुण्यांतल्या एक काठी टेकणाऱ्या आजी खाली बघून थबकल्या. त्यांनी काजलला काहीतरी विचारले. एवढे मला कळले की त्यात 'बाहास' होते. तू रोज उतरतेस का, असे त्या भीत भीत विचारत होत्या.

काजलच्या काखेतला घाम मला जाणवत होता. तिने श्वास घेतला आणि माझ्यावर महिनाभर जे लिहिले होते ते सगळे बोलली. लहानपणी रोज उतरायचे, बाहाबा. कालही उतरले, बाहेऽ. उद्याही उतरेन, बाहारे. आणि आत्ता तुमच्यासोबत, एस्तोय बाहान्दो, उतरून राह्यली. आजींनी हसून तिचा हात धरला.

खाली झाडांच्या सावलीत तिने माझ्यावर विवर काढले. मग आले ते वाक्य. "उन मेतेओरितो..." ती थांबली. शौनक सर मान वाकडी करून ऐकत होते. पुढे एक तारीख होती, देवघरातले पत्र होते. तिचा अंगठा हळूच माझ्या पोचे आलेल्या कडेवर आला आणि तिने नखाने वाजवले. टण. "बाहोऽ."

उल्का उतरली, मित्रांनो! एकदाची, पूर्ण, भूतकाळात उतरली. चौघांनी वर आकाशाकडे पाहिले, जणू ती नुकतीच तिथून गेली होती. मला इतके हलके वाटले की काय सांगू.

वर परतल्यावर शौनक सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात दोन गट आहेत. तुम्ही इथंच आहात ना?" काजलने मान डोलावून 'हो' म्हटले. संध्याकाळी तिने शरयू मॅडमना फोन करून सगळे सांगितले. मॅडम म्हणाल्या, "तेव्हा मी उगीच हसले. राहणे हे क्रियापद घालून तुम्ही म्हणता, तसंच स्पॅनिश लोकही म्हणतात. तुमचं बरोबर जुळतं." माझा पत्रा अभिमानाने तापला. ऊन उतरले होते तरी.

आता मी अंगणातच असते. माझी एक बाजू रस्ता सांगते, दुसरी बाजू काळ सांगते. लहान मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी आहे. घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उलटी करून बघा, आणि अक्षराच्या डोक्यावरची बारीकशी रेघ खडूची चूक समजून पुसू नका. एवढ्याशा रेघेने माणूस घरी राहू शकतो.

आणि हो, त्या दिवसाचे एक सांगायचे राहिलेच. काजल स्टँडवर परत आली, तेव्हा रामराव सकाळपासून तिथेच बाकावर बसून होते, न जेवता. तिला एकटी येताना पाहून ते उठले. निकाल विचारायचा धीर त्यांना झाला नाही. सवयीने त्यांच्या तोंडून निघाले ते हेच, "उतरले काय सगळे? कोणी राह्यलं त नाही?"

"बाहारोन, बाबा," काजल म्हणाली. "सगळे उतरले. मीच राह्यली. इथंच."

रामरावांनी खिशातून चिमटा काढला आणि माझ्या कडेवर दोनदा वाजवला. टण टण. डबल बेल.