साक्षीदाराची खुर्ची

शिट्टी वाजून सामना संपला होता. पंच पाठ फिरवून निघाले होते, जिंकलेल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. तेवढ्यात मैदानाच्या कोपऱ्यात हरलेल्या संघाची एक बचावपटू तोंड धरून खाली कोसळली. तिच्यासमोर हातात स्टिक घेऊन उभी होती ती लीगची सगळ्यात लाडकी खेळाडू. चेंडू घेऊन ती अशी सुटायची, की लोकांनी तिचं नावच वीज पाडलं होतं.

लीगच्या अध्यक्ष वरच्या सज्ज्यातून पाहत होत्या. त्यांना सगळं हॉकीविश्व ताई म्हणे, पण विजेच्या तोंडी त्या हाकेचा अर्थ निराळा होता. विजेची आई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात रात्रपाळी करायची. पोर एकटी राहायला नको म्हणून ताईंनी, तेव्हा त्या नुसत्या प्रशिक्षक होत्या, तिला आपल्या घरी आणलं. काटकुळी, तिखट, जेवताना ताटाभोवती हात धरून बसणारी. ताईंना मूलबाळ नव्हतं. हिला ताप आला की त्यांच्याच तोंडचं पाणी पळायचं.

स्ट्रेचर अजून दाराबाहेर गेलं नव्हतं, तोच विजेच्या क्लबचे मालक ताईंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"स्टिक सटकली हो बिचारीच्या हातून," ते म्हणाले. "अंतिम सामना तोंडावर आलाय. जरा सबुरीनं घ्या."

व्हिडिओ होता, पण मागून घेतलेला. त्यात विजेची पाठ दिसत होती, खांदा फिरलेला दिसत होता, आणि मग दुसरी पोर खाली. लीगच्या कचेरीतून त्या संध्याकाळी दोन ओळी बाहेर गेल्या: घटना दुर्दैवी आहे, चौकशी सुरू आहे. ताईंनी त्या वाचल्या आणि मान हलवली. निलंबनाचं नाव कुणी काढलं नाही, त्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या. बचावपटूच्या डोक्याला, चेहऱ्याला पट्ट्या होत्या. उजवा डोळा गेला, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. तिचे वडील शिंपी होते. गळ्यातली माप घ्यायची टेप काढायचंही त्या माणसाला सुचलं नव्हतं.

"बसा," ते म्हणाले. "स्टूल हलतंय, जरा जपून."

ताई स्टुलाच्या कडेवर बसल्या. "काही लागलं तर..." असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

"मला एकच सांगा," पोर पट्टीआडून म्हणाली. "अपघात का म्हणतात सगळे? तिनं माझ्याकडे बघून मारली. मी बोलले होते तिला. वाईट बोलले. पण तिनं नीट बघून मारली."

शिंप्यानं मुलीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

संध्याकाळी वीज ताईंच्या घरी आली. नेहमीसारखी मागच्या दारानं, थेट स्वयंपाकघरात. ताई भाजी चिरत होत्या. तिनं दुसरी सुरी घेतली आणि समोर बसली. पाटावर दोन सुऱ्या चालू लागल्या.

"ताई, तू गेली होतीस ना तिकडे?"

"गेले होते."

"डोळा..."

"गेला."

विजेची सुरी थांबली. मग तिचे ओठ वेडेवाकडे झाले, लहानपणी व्हायचे तसे. "सगळी मॅच ती माझ्या कानाशी बडबडत होती गं. तुझी आई लोकांच्या घाणेरड्या चादरी धुते, तू पण तेच करशील. शिट्टी झाल्यावरसुद्धा म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मारली मी. तोंडावरच मारली. पण डोळा नव्हता गं घ्यायचा मला!"

ताईंनी तिला जवळ घेतलं. ती हमसून हमसून रडली. ताईंचा पदर भिजला तरी त्या हलल्या नाहीत. रडणं ओसरल्यावर त्यांनी तिचा चेहरा वर केला.

"उद्या सुनावणीत हेच सांगायचं. जसंच्या तसं. तिनं काय म्हटलं तेही सांग. शिक्षा होईल, पण त्यातून आपण बाहेर पडू. मी आहे."

विजेनं मान हलवली. जेवून गेली. जाताना, उद्या कुठला ड्रेस घालू, म्हणूनही विचारलं.

सुनावणी लीगच्या कचेरीतल्या लांब टेबलाशी झाली. मधल्या खुर्चीत ताई, एका बाजूला समितीतले निवृत्त न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला एक माजी पंच. टेबलाच्या टोकाला साक्षीदारासाठी एक खुर्ची. वीज क्लबच्या वकिलाबरोबर आली. मालक मागे भिंतीशी बसले. शिंपी दारालगत, सांदीत बसल्यासारखा.

वीज साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. वकिलानं विचारलं, "काय झालं ते सांगा."

ती टेबलाकडे पाहत म्हणाली, "मी वळत होते. हात घामानं ओले होते. स्टिक सटकली."

ताईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

"स्टिक सटकली, मॅडम."

मॅडम. पोरीला रातोरात पढवलं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. वकील कागद आवरायला लागला. पुरावा नव्हता. एकीचं म्हणणं एक, दुसरीचं दुसरं, व्हिडिओ मुका. ताई नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी सगळं सुरळीत पार पडलं असतं. दारालगत शिंपी टेपचं टोक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

ताई उठल्या. न्यायाधीशांना म्हणाल्या, "साहेब, इथून पुढे ही खुर्ची तुम्ही सांभाळा. मला साक्ष द्यायची आहे."

वीज साक्षीदाराच्या खुर्चीतून उठली नाही. ताईंनी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा उठली.

त्यांनी आदल्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. शिवी सांगितली, तिडीक सांगितली, रडणंही सांगितलं.

वकील म्हणाला, "पोरीनं विश्वासानं, घरात, तुमच्या कुशीत सांगितलेलं तुम्ही इथे उघडं करताय. त्या वेळी तुम्ही तिच्या आईच्या जागी होता की अध्यक्षांच्या?"

"दोन्ही," ताई म्हणाल्या. "तेच तर अवघड झालंय."

विजेवर दोन हंगामांची बंदी आली. अंतिम सामना तिच्याविना झाला आणि तिचा संघ हरला. पत्रकारांनी ताईंना घेरलं. "त्याच दिवशी निलंबन का केलं नाही? तुमची मानलेली मुलगी म्हणून?"

"हो, म्हणूनच," ताई म्हणाल्या. मागे उभा असलेला प्रसिद्धी अधिकारी खोकला, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

हंगाम संपताच त्यांनी अध्यक्षपद सोडलं. अर्धे लोक म्हणाले, पोरीचा गळा कापला. उरलेले म्हणाले, आधी पाठीशी घातलं आणि शेकल्यावर शहाणी झाली. ताई कुणाशीच वाद घालत बसल्या नाहीत.

बंदी संपायच्या सुमारास लीगनं बचावपटूला विचारलं, वीज भेटून माफी मागणार आहे, चालेल का? पद सोडलेलं असलं तरी निरोप घेऊन ताईच गेल्या. पोर वडिलांच्या दुकानात काजं करत होती. कापड तिनं उजवीकडून डावीकडे सरकवून घेतलं.

"तिला सांगा, येऊ नको," ती म्हणाली. "आली तर रडेल. रडली की मला, असू दे, म्हणावं लागेल. मला ते म्हणायचं नाही. आणि मी तिच्या आईवरून बोलले, त्याची माफी मी तिच्या आईकडे मागून आलेय. तो हिशेब वेगळा."

वीज परतली, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. लोक विसरले होते. ती मात्र विसरली नव्हती. कुणी अंगावर आलं की ती चेंडू सोडून द्यायची आणि स्टिक मागे ओढून घ्यायची, चटका बसल्यासारखी. क्लबनं तिला आधी राखीव बाकावर बसवलं, मग करार वाढवला नाही. मालकांनी दुसरी पोर शोधली.

ताईंनी फोन केले. ते नुसते वाजत राहिले. शेवटी एका दुपारी त्या तिच्या घरी गेल्या. दार विजेच्या आईनं उघडलं. हात सोड्यानं सोललेले, केस आता सगळे पांढरे.

"ती कामावर गेलीय," आई म्हणाली. "माझ्याच इथे लावलंय तिला. इस्त्रीच्या यंत्रावर."

"बरी आहे?"

"जेवते. झोपते. तुमचं नाव काढत नाही." आई थोडी घुटमळली. "तुम्ही खरं बोललात, हे मला कळतं. पण तिला दुसरं कोण होतं हो? मी तर सदा पाळीवर."

आईनं आतून पाण्याचा पेला आणून दिला. तो त्यांनी उंबऱ्यातच उभ्यानं प्यायला. आईनं रिकामा पेला परत घेतला, आणि बसा काही म्हणाली नाही.