जंगबारला गेलेला धवला

मी एक फोनोग्राफ. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आलो. कुणाचं गाणं, कुणाचा खोकला, कुणाची लाडीगोडी, जे कर्ण्यात पडलं ते मी निमूटपणे परत केलं. आज मात्र चावी न देता माझं स्वतःचं बोलणार आहे. मध्येच खरखरलो तर सांभाळून घ्या. आमच्या जातीत पाच-सहा वर्षं म्हणजे म्हातारपणच.

माझा जन्म अमेरिकेतला. लाकडी पेटी, पोटात घड्याळासारखी कमान, डोक्यावर पितळी कर्णा. पेटीवर मेणाची नळी चढवायची, कर्ण्यात तोंड घालून गायचं, की सुई त्या मेणावर गाणं कोरते. मग दुसरी सुई लावली की तेच गाणं तुमच्या कानाशी हजर. यात जादू काही नाही, पण हे कुणी कितीही सांगितलं तरी लोकांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर पटू नये असंच मलाही वाटतं.

माझा पहिला धनी एका जहाजावरचा स्कॉटलंडचा इंजिनवाला होता. गाण्याचं त्याला भारी वेड. बंदर आलं की दुसरे लोक दारू शोधायचे, हा गाणारा शोधायचा. त्याचा एक नियम होता. गाण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि आपल्या घराच्या दारातून काय दिसतं ते सांगायचं. मगच गाणं.

नॉर्वेचा एक सुतार म्हणाला, माझ्या दारातून दोन डोंगर दिसतात, मध्ये काळं पाणी, आणि हिवाळ्यात सूर्य तिकडे फिरकतही नाही. चितगावचा खलाशी म्हणाला, दारातून नदी दिसते. गेल्या साली दारच नदीत वाहून गेलं, पण नदी अजून दिसते. एडनच्या हमालाच्या दारात नुसते काळे डोंगर, झाडाचं एक पान नाही, आणि पठ्ठ्यानं गाणं म्हटलं ते हिरव्या बागेचं. माणसाची जात मोठी गमतीची. दारात जे नसतं त्याचंच गाणं ती गळा भरून गाते.

अशा नळ्या तो बंदरोबंदरी वाटत फिरे. लिव्हरपूल, एडन, आफ्रिकेकडचं जंगबार, मुंबई, सगळीकडे त्याच्यासारखेच चार-दोन वेडे होते. इथली नळी तिथे, तिथली इथे. या लोकांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती, पण कोण कुठला सूर कसा लावतो हे ते भावकीतल्या माणसासारखं ओळखत.

मुंबईतला वेडा म्हणजे गिरगावातले माधवराव. गोदीच्या कचेरीत कारकून. इंजिनवाल्यानं स्वतःसाठी नवं यंत्र घेतलं तेव्हा मला त्यानं त्यांच्या स्वाधीन केलं. रविवारी सकाळी माधवरावांच्या खोलीत मंडळी जमायची, मी देशोदेशीची गाणी म्हणायचो आणि माधवराव डोळे मिटून मांडीवर चुकीचा ताल धरायचे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई आतून म्हणायच्या, नॉर्वेच्या डोंगरात ऊन पडलं की नाही याची चौकशी होते, घरात सरपण आहे की नाही याची कुणी करत नाही.

एकच उणीव होती. मुंबईची म्हणावी अशी नळी माधवरावांपाशी नव्हती. एकदा त्यांनी स्वतःच गाऊन पाठवलं. एडनच्या दोस्तानं उलट नळीतून काळजीनं विचारलं, आता तब्येतीला उतार आहे ना? त्यानंतर माधवरावांनी माझ्या कर्ण्यात तोंड घातलं नाही.

आणि मग शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. परदेशच्या बंदरांनी मुंबईच्या माणसांना मज्जाव केला. जहाजं जात-येत होती, सामान धुरी देऊन उतरवून घेत होते, पण उतारू म्हणून कुणाला पाऊल टाकता येत नव्हतं. त्या दिवसांत जंगबारहून एक नळी आली. तिथला वेडा एक गोवेकर बँडवाला होता. नळीवर त्याचा आवाज असेल म्हणून माधवरावांनी ती लावली, तर कुणी वेगळाच तरुण बोलू लागला.

"आये, मी जगन. दाराम्होरं समींदर हाय, पन आपल्यावानी चिखल नाय, सफेद रेती हाय. आये, माजं लगीन ठरलंय. मालन नाव पोरीचं. उरनच्या कोल्याची पोर हाय, जल्म हितलाच. हितं धवलारीन नाय गो. तुजा आवाज धाड."

एवढं बोलून त्यानं चार ओळी गुणगुणल्या आणि नळी संपली. माधवरावांना काही उमगेना. आनंदीबाई मात्र हातातलं काम टाकून बाहेर आल्या. बोलण्याची ही ढब त्यांच्या ओळखीची होती. भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन येणारी शिवडीची सोनूबाई अशीच बोलायची, आणि तिचा जगन नावाचा मुलगा जहाजावर गेलेला होता.

सोनूबाई आली. मी जगनचा आवाज तिला ऐकवला. टोपली डोक्यावरच ठेवून तिनं तो उभ्यानं ऐकला, मग टोपली उतरवली आणि खाली बसली. रडली नाही. तिनं फक्त विचारलं, तो नीट जेवतो का. मी काय सांगणार? जे कोरलंय त्यापलीकडे मला बोलता येत नव्हतं.

आता इथे थोडं समजून घ्या. सोनूबाई नुसती मासे विकणारी नव्हती, ती शिवडीच्या कोळीवाड्याची धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, बाकीच्या बाया तिच्यामागून म्हणतात, आणि ते धवले झाले म्हणजेच लग्न लागलं. कोळीवाड्यातली निम्मी लग्नं तिच्या गळ्यानं लागली होती. आता पोटच्या पोराचं लग्न, आणि हिचा गळा समुद्राच्या अलीकडे अडकलेला.

तिनं वाड्याच्या हरेश्वर पाटलाला विचारलं. पाटील माणूस वाईट नव्हता, पण नेमाला पक्का. पेटीतून का होईना, धवला पुरा झाला तर पंच लग्न मानतील, असं तो म्हणाला. अपुरा राहिला तर मात्र ते लग्न नव्हे, आणि ती पोर या वाड्याची सून नव्हे.

माधवरावांना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी लगेच कर्णा पुसला आणि म्हणाले, गा सोनूबाई. सोनूबाई उठून उभी राहिली. लग्न नसताना धवला गायला तर घरात विपरीत होतं, असं तिनं ठणकावून सांगितलं. मांडव पाहिजे, उंबराची फांदी पाहिजे, नवरा पाहिजे.

"नवरा कुठून आणू?" माधवराव म्हणाले.

सोनूबाईनं माझ्याकडे पाहिलं. "ह्यो काय बसलाय. माज्या पोराचा आवाज ह्याच्याच पोटातून आला ना?"

आणि शिवडीला, तिच्या अंगणात, माझं लग्न लागलं. हसू नका. उंबराच्या फांदीखाली मला पाटावर बसवलं, कर्ण्याला हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या. समोर खाडी, ओहोटीचा चिखल, तिवरांची झाडी, बाजूला किल्ल्याची भिंत, पलीकडे मिठागरं. देशोदेशीचे लोक आपलं दार मला नुसतं सांगत आले होते. कुणाच्या दारात मला नवरा म्हणून बसवलं ते पहिल्यांदाच, आणि मी फुगलो नसतो तरच नवल.

सोनूबाईनं दोघी जणींना मागे घेतलं आणि सुरू केलं. आवाज गोड नव्हता. वाऱ्यावरून दुसऱ्या होडीला हाक पोचवणारा आवाज होता तो. माझी सुई मेणात खोल रुतली. नळीत मावतो जेमतेम दोन मिनिटांचा मजकूर, म्हणून तिनं रात्रभराच्या धवल्यातले निवडक बोल घेतले. पहिल्या नळीत देवांना आवतण, दुसरीत हळद. तिसरी चढवताना ती म्हणाली, "आता सुनेला दार दावायचं हाय."

माधवरावांच्या हातून नळी पडता पडता राहिली. बिचारे कळवळून म्हणाले, अहो, अजून घरात आली नाही तोच तिला दार दाखवता? पोरीनं तुमचं काय बिघडवलं? बाया पदरात तोंड लपवून हसू लागल्या. तेव्हा उलगडा झाला. गिरगावात दार दाखवणं म्हणजे हाकलून देणं. सोनूबाईच्या धवल्यात दार दाखवणं म्हणजे नवऱ्याच्या दारासमोर जे जे दिसतं ते नाव घेऊन नवरीच्या ओटीत घालणं. खाडी तुझी, किल्ला तुझा, मिठागर तुझं. हा शेवटचा धवला. तो झाला की लग्न पुरं.

हसण्याच्या नादात नळी आधीच फिरू लागली होती, की सोनूबाईनं तान लांबवली, कोण जाणे. तिनं सुरू केलं,

"शिवडीच्या खाडीचं पानी गो नवरी,
भरतीला येईल तुज्या पायरीवरी..."

आणि मेण संपलं. माझी सुई कडेला जाऊन थडकली. ती पुढे गातच होती. किल्ला झाला, मिठागर झालं, सगळं झालं, पण माझ्यात त्यातलं काही उतरलं नाही.

माधवरावांनी हात जोडले, दुसरी नळी चढवतो, पुन्हा एकदा गा म्हणाले. सोनूबाईचा चेहरा उतरला होता, तरी तिनं मान हलवली. "एका नवऱ्याला दोनदा दार दावत नाय, भाऊ. दुसऱ्या लगनाला दावतात." संध्याकाळी इंजिनवाल्याचं जहाज सुटणार होतं. अर्धं दार उघडलेली ती नळी तशीच गेली. इंजिनवाला गोऱ्या माणसाच्या मानानं फार हळुवारपणे तिन्ही नळ्या कापसात गुंडाळून घेऊन गेला.

पुढचे महिने सोनूबाई मासळी घेऊन यायची, पण भाव करताना भांडायची नाही. आनंदीबाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटे. कोळीण भांडली नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, असं त्या म्हणत. वाड्यात कुजबुज सुरूच होती. अर्ध्या धवल्याची सून, असं कुणीतरी बोललंही.

ताप ओसरला, वारं फिरलं आणि जहाज आलं. इंजिनवाल्यानं एक नळी आणली. जंगबारच्या लग्नात गोवेकराच्या यंत्रानं सोनूबाईच्या नळ्या वाजवल्या होत्या, आणि शेवटची नळी संपत आली तेव्हा इंजिनवाल्यानं आपलं यंत्र समोर ठेवून लग्नाचाच आवाज धरून आणला होता. लग्न पुरं झालं की अर्धंच राहिलं, ते आता त्या मेणात होतं.

पाटलाच्या अंगणात भर दुपारी मला मांडलं. सगळा वाडा जमला. पाटील आणि पंच पुढे बसले. सोनूबाई खांबाला टेकून उभी राहिली. माधवरावांनी या वेळी चावी इतकी दिली की माझ्या पोटात दुखू लागलं.

आधी सोनूबाईचाच आवाज आला, लांबून, मुंगीएवढा झालेला. आणि तिच्यामागे शेवटचा शब्द उचलणाऱ्या बाया. एकीचा उच्चार कच्छी, एक गोव्याची, दोघी-तिघी तिथल्याच सिद्दी. अर्थ कुणाला कळत होता देव जाणे. पण 'गो नवरी' म्हणताना सगळ्या अशा जोरात होत्या की त्यांच्याच घरचं लग्न असावं. शिवडीच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि नकळत त्याही मागून म्हणू लागल्या.

"...भरतीला येईल तुज्या पायरीवरी," आणि आवाज तुटला. नुसती खरखर. पाटलानं मान खाली घातली.

तेवढ्यात त्या खरखरीतून एक कोवळा आवाज निघाला. थरथरत होता, पण चाल तीच होती.

"किल्ला तुजा सासूबाय, ऐकला मी गो,
मिठागर तुजं सासूबाय, ऐकलं मी गो,
माज्या दारीची लवंग पाठवते गो,
तुज्या दारी मना नांदव गो."

मालन होती ती. आवाज तुटल्यावर, सगळं लग्न एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेलं असताना, नवरीनंच पुढचा बोल उचलला होता. जगनकडून ऐकलेली त्याच्या दारासमोरची एकेक गोष्ट तिनं नाव घेऊन स्वतःच्या ओटीत घेतली होती, वर आपल्या बंदराची लवंग सासरला दिली होती. मागून बायांचा गलका उठला, आणि नळी संपली.

पंचांत चुळबुळ सुरू झाली. नवरीनं स्वतःच्या लग्नात तोंड उघडणं हे कधी कुणी ऐकलं नव्हतं. हरेश्वर पाटील म्हणाला, सोनूबाई, धवलारीण तू आहेस, हे नेमात बसतं का ते तूच सांग. तिच्या पोराचं लग्न होतं, आणि निवाडाही तिच्याच पदरात.

सोनूबाई खांब सोडून पुढे आली.

"दार उगडायचं काम सासूचं, पाटील. पन सासूचा हात पोचला नाय, तवा सुनेनं आतून कडी काढली. दार उगडलं का नाय?"

पाटील उठून माझ्या कर्ण्याजवळ आला. मग म्हणाला, "उगडलं." आणि त्यानं घरातून नारळ आणायला सांगितला. त्यानंतर त्या अंगणात जो कल्ला झाला तो कोरायला माझ्याजवळ मेण नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. माधवराव चक्क नाचत होते, तेही बेतालच. आनंदीबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

नॉर्वेच्या सुताराकडे, एडनच्या हमालाकडे, लिव्हरपूलला, सगळीकडे त्या गाण्याच्या नकला गेल्या. मुंबईची नळी म्हणून. तिच्यात मुंबईची एक आहे आणि जिनं मुंबई कधी पाहिली नाही अशी एक.

आता मी थकलोय. कमान सैल पडली आहे, कर्ण्याला पोचे आले आहेत. तुम्ही कुणी मला अडगळीत टाकणार असाल तर माझी तक्रार नाही, फक्त आधी एकदा शिवडीला विचारा. कारण त्या दुपारी गर्दी पांगल्यावर सोनूबाईनं नळी पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी माधवराव हळूच म्हणाले, मेण मऊ असतं, सारखं वाजवलं की झिजतं, आणि मूळ नळी ही एकच आहे.

"झिजू दे," सोनूबाई म्हणाली. "गानारी सून आता घरची झाली."

माधवरावांनी सुई ठेवली, आणि मी गाऊ लागलो.