वरची कोथिंबीर

कोथिंबीर कुणी विकत घेत नाही. वांगी घेतात, घासाघीस करतात, पिशवी भरतात आणि शेवटी हात पुढे करतात, वर थोडी कोथिंबीर टाक की. टाकली नाही तर भाजीवाली चिक्कू. टाकली तर तिचं नावही कुणी काढत नाही. पण तीच आमटीवर नसली की ताट ढकलून देणारेही हेच.

गोजरबाईचं भावाच्या घरात तसंच होतं. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला राहात्याजवळ थोरल्या भावाच्या दारात आणून सोडलं. भिमाजीचं विहिरीवर भाजीपाल्याचं माळवं होतं. खुरपायला गोजर, पाण्याची दारं धरायला गोजर, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायला गोजर. आणि कुणी विचारलं, बहीण काय करते, तर भिमाजी म्हणायचा, काय करणार, असते आमच्यात.

त्र्याहत्तर साल उजाडलं तेव्हा विहिरीला तळ दिसत होता. माळवं जळून गेलं. भिमाजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. गोजरबाईने मोरीच्या तोंडाशी खाटेएवढा वाफा केला, धने चपलेखाली रगडून पेरले आणि टँकरचं पाणी माणसांनी वापरून झालं की उरलेलं त्यात सोडलं. सारं शिवार तपकिरी आणि मोरीशी हिरवंगार. त्या घरात माझं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं.

भिमाजीला ते पाणी शेळीसाठी पाहिजे होतं. तो म्हणाला, एकदा बाजार करून बघ. टोपली भरलेली परत आली तर वाफा मोडून तिथं शेळी बांधीन. वर हसला. फुकटच्या वस्तूचा कुठं बाजार असतो का, म्हणे.

बाजारात तिने अख्तरीशेजारी ओलं गोणपाट अंथरलं. अख्तरी वांगी घेऊन बसली होती. त्या साली वांगी तरी कसली, सुरकुतलेली, म्हाताऱ्याच्या गालासारखी. गिऱ्हाईक अख्तरीकडून वांगी घ्यायचं आणि हात गोजरबाईच्या ढिगाकडे न्यायचं. ती जुडी मागे ओढायची. नुसती कोथिंबीर घेणारं मात्र एकही माणूस फिरकेना.

मग सोसायटीच्या चेअरमनची, आप्पासाहेबांची बायको आली. मागे पिशवी धरायला गडी. तिने वांगी निवडली आणि न विचारता एक जुडी उचलून पिशवीत टाकली. गोजरबाई उठली आणि पिशवीत हात घालून ती जुडी काढून घेतली.

"कोथिंबिरीचे कुणी पैसे घेतं का गं?" बाई म्हणाली.

"वांग्यासंगं फुकट मिळत आसंल, बाईसाहेब. माझ्याकडं वांगी न्हाईत. माझ्याकडं नुसती कोथिंबीरच हाय."

बाईने वांगी अख्तरीच्या पुढ्यात ओतली आणि निघून गेली.

अख्तरी भडकली. तुझ्या पाल्यापायी माझं गिऱ्हाईक गेलं, म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास तिने गोजरबाईच्या सात पिढ्या काढल्या. गोजरबाई ऐकत जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. ऊन चढत होतं. कडेची पानं माना टाकू लागली होती. तिला घरी वाफ्याशेजारी उभी शेळी दिसत होती.

तेवढ्यात अख्तरीकडे दोन गिऱ्हाइकं आली, कोथिंबीर नाही म्हणताच तशीच गेली. अख्तरीचं तोंड बंद झालं. ती वांग्यांकडे बघत बसली. असल्या वांग्यांना वरून काहीतरी हिरवं लागतंच, हे तिलाही कळत होतं. शेवटी तिने ओंजळभर वांगी उचलली आणि गोजरबाईच्या गोणपाटावर ठेवली.

"घे. अन् चार जुड्या दे. गिऱ्हाइकाला मी फुकट वाटीन. आपल्या आपल्यात फुकट न्हाई."

पलीकडची टमाटेवाली हे बघत होती. तीही उठली. मग शेवग्याच्या शेंगावाली. ओळीतल्या बायकांनी एकमेकींचं बघून आपापला माल आणला आणि जुड्या नेल्या.

चेअरमनची बायको सगळा बाजार पालथा घालून परत आली. अख्तरीने वांग्यांवर चिमूटभर कोथिंबीर टाकली. बाईने गोजरबाईकडे असं बघितलं, जणू लढाई मारली. गोजरबाईने मारू दिली.

संध्याकाळी भिमाजी आला तेव्हा पापण्यांवर खडीची धूळ होती. दारात भरलेली टोपली, वर फडकं.

"आली ना तशीच परत?" तो म्हणाला आणि कोपऱ्यातली कुदळ घेऊन सरळ मोरीकडे निघाला.

गोजरबाई आडवी गेली नाही. तिने फक्त फडकं ओढलं. वांगी, टमाटे, शेंगा, दोन लिंबंसुद्धा. कित्येक दिवसांत त्या घराने एवढा भाजीपाला बघितला नव्हता. भिमाजी थांबला. त्याने एक वांगं उचलून उलटसुलट केलं, पुन्हा ठेवलं. कुदळ भिंतीला लागली.

रात्री जेवायला मिसळीची भाजी होती. भिमाजीने दोन घास खाल्ले आणि सवयीने म्हणाला, वर थोडी कोथिंबीर टाक की.

गोजरबाईने मूठ पुढे केली, पण उघडली नाही.

"टाकते, दादा. पन उद्यापासनं वाफ्याला पानी तू घालायचं."

त्याने ताट पुढे सरकवलं. तिने मूठ उघडली.

सकाळी खडीवर जायच्या आधी भिमाजी बादली घेऊन मोरीपाशी उभा होता. अर्धं पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं. गोजरबाई कोथिंबिरीची देठं शेळीपुढे टाकत होती. तिथूनच म्हणाली, जरा हळू घाल, रोपं आडवी पडत्यात.

भिमाजी खाली बसला आणि हाताने घालू लागला.