निर्माल्याचा दोरा

या, असे जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज एका दाताची गोष्ट ऐकवायची आहे, आणि तो दात कुणाच्या तोंडातला नाही, पोलादी चाकाचा आहे.

तारिहाळात विनायकशेठचा छोटा कारखाना आहे. तिथं नेत्रा कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करते. लागून आठच महिने झालेले. अळणावर गावच्या रेखाअक्कांच्या पोह्यांच्या गिरणीतली दातेरी चाकांची जोडी मोडली, आणि पहिल्यांदाच अख्खं काम तिच्या एकटीच्या हाती आलं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गिऱ्हाईक जुना नमुना आणून ठेवतं, 'अगदी असंच पाहिजे' म्हणतं, आणि आपण तस्संच करून देतो. नेत्रानं दोन्ही चाकांवरच्या शाबूत दातांचे फोटो घेतले, त्यावरून केसभरही न ढळता रेघ ओढली, आणि वायरकट मशीननं तीच रेघ पोलादात कापली. मशीन मोठं आज्ञाधारक, दाखवाल त्या वाटेनं जाणार.

चाकं बसली, गिरणी सुरू झाली, आणि अशी किंचाळली की रेखाअक्कांनी फोनच तिच्यापुढं धरला. "ऐकलं का शेठ? मला पोहे करायचेत, भुतं पळवायची नाहीत!"

फोन ठेवून विनायकशेठ म्हणाले, "नेत्रा, उद्या दुपारपर्यंत बरोबर ड्रॉइंग दे. नाहीतर काम बेळगावला जाईल, आणि तू परत जुने कागद स्कॅन करत बस."

नेत्राचा चेहरा उतरला. रेघ तर जराही चुकली नव्हती. मग चुकलं काय?

मिलिंग मशीनवरचे पुंडलिकअप्पा हात पुसत तिच्यामागं येऊन उभे राहिले. दर गुरुवारी मठातल्या कीर्तनात टाळ धरणारा माणूस. बोलायलाही तालातच लागायचा.

"हा नमुना किती वर्षं चाललेला?"

"तीस."

"म्हणजे तीस वर्षं घासलेला दात. हौदल्ला, खरं ना? अगं बाळ, तू बुवांकडून पद शिकलीस, आणि त्यांचा खोकलाही चालीत बसवलास!"

नेत्राला हसूही आलं आणि डोळेही भरले. "मग मूळचा दात कसा होता, ते कुणाला विचारू अप्पा? तो तर झिजून गेला."

"लोखंड झिजलं. नियम कुठं झिजतोय?"

दारावरच्या देवाच्या तसबिरीला कालचा हार होता. अप्पांनी तो उतरवला, फुलं हळूच तुळशीच्या कुंडीत ठेवली, आणि उरलेला दोरा पोलादाच्या एका गोल ठोकळ्यावर गुंडाळला. ठोकळा कागदावर उभा केला, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल बांधली. "आता उलगड. पण सैल सोडू नको."

नेत्रानं दोरा ताणून उलगडत नेला, तशी पेन्सिल ठोकळ्यापासून दूर दूर जात एक वाक काढत गेली. चाकाचा दात ह्याच वाकावर बेततात, हे कॉलेजात तिनं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. हाताला तो वाक आज पहिल्यांदा कळला.

ती कॉम्प्युटरकडे वळली. जुन्या फोटोची फाइल बंद केली. दातांची संख्या आणि चाकाचं माप यांवरून ठोकळ्याच्या जागी घ्यायचं वर्तुळ काढलं, त्यावरून दोरा उलगडावा तसे बिंदू मांडले, ते जोडले, दाताची दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलटवली, आणि तो एक दात चाकाभोवती चोवीस वेळा फिरवला. जोडीचं दुसरं चाकही तसंच केलं. मग स्क्रीनवर दोन्ही फिरवली. दात दाताला टेकत होता तो बिंदू एका सरळ रेषेवरून सरकत होता. वाकड्या दातांच्या भेटीची वाट अशी सरळ! नेत्रानं चाकं परत एकदा फिरवून पाहिली.

"दोरा ताणलेला होता म्हणून," अप्पा एवढंच म्हणाले.

दुपारच्या आत ड्रॉइंग गेलं. चौथ्या दिवशी रेखाअक्कांनी परत फोन गिरणीपाशी धरला. या खेपेला नुसती संथ घरघर. "आता कशी, झोपलेल्या मांजरासारखी!" आणि विनायकशेठनं दुसऱ्या गिरणीच्या चाकाचं काम नेत्राच्या टेबलावर ठेवलं.

नेत्रानं ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासणी'पुढं पुंडलिकअप्पांचं नाव घातलं होतं. त्यांनी ते पुसायला लावलं. "तिथं शेठचं नाव असतं. आणि मी काय केलं? दोराही देवाचाच होता की."

तेव्हा त्या कागदावर त्यांचं नाव नाही. म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागणं: उद्या सकाळी पोह्यांची बशी हातात घ्याल, तेव्हा पहिल्या घासाला पुंडलिकअप्पांची आठवण काढा.