देवरावाची तहान

अक्षय तृतीयेच्या सकाळी तेल्हाऱ्याहून आतेदीर कुंदनचा फोन आला, तेव्हा आचल बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये लेकीला मांडीवर घेऊन पेज भरवत होती.

"वहिनी, आईले काय वाचून दाखोलं तुमी? देवरावमामाच्या नावानं दरसाल एक घागर भरते. आज चार मांडल्या. पाचवीसाठी मले कुंभाराकडं धाडून राहिली."

देवराव म्हणजे कुंदनच्या आईचा, जमुनाआत्याचा, थोरला भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत पडला. घरी आली ती नुसती तार. तो कसा गेला हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. लेक निजली की मिळेल तेवढ्या वेळात आचल त्याच्यावर कादंबरी लिहीत होती, आणि मागच्याच आठवड्यात शेवटचं प्रकरण तिनं आत्याला वाचून दाखवलं होतं. त्यात देवराव पाणी पाणी करत मरतो. ती तहान आचलच्या मनची. अकोल्याच्या प्रकाशकाला, शेखरला, नेमकं तेच पान आवडलेलं.

तिच्या पायाला घरात थारा उरला नाही. लेकीला कडेवर घेऊन तिनं अकोल्याची गाडी गाठली, तिथून एसटी. तहान खोटी होती, सांगून मोकळं व्हायचं, असं वाटभर घोकत राहिली.

आत्या ओसरीवर बसली होती. समोर ओळीनं पितराच्या पाण्याच्या घागरी, प्रत्येकीवर खरबूज. आचलनं सगळं सांगून टाकलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि पोरीला आपल्या मांडीवर ओढलं.

"म्हंजे त्याले तहान तूच लावली."

"हो, आत्या."

"मंग पाज."

"तेही खोटंच होईल ना."

"तहान खोटी चालली तुले. पाण्याच्या वक्तीच काहून खरं आठोलं?"

परतीच्या एसटीतून तिनं शेखरला फोन करून ते पान थांबवायला सांगितलं. शेवटाचा सगळा जोर जाईल, तो कुरकुरला. जाऊ द्या, ती म्हणाली. लेक खांद्यावर निजली तशी मोबाइलवर लिहू लागली. परतवाड्याकडचा एक जवान सरपटत आला, त्यानं देवरावाचं डोकं मांडीवर घेतलं, बाटली तोंडाला लावली. देवराव प्यायला. पोटभर प्यायला.

आता त्याला मारायचं होतं, आणि बोट काही पुढं सरकेना.