शिवम्मानं सांगितलेलं कारण

"'आर्थिक अडचण' असं लिहू का, मावशी? म्हणजे हप्ते बांधून देता येतील."

लातूरच्या आयकर कचेरीत थकलेल्या कराचा कागद पुढे ठेवून प्रियदर्शनी मॅडमनी हे इतक्या मायेनं विचारलं, की शिवम्माला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पण उदगीरच्या बाजारातलं तिचं साड्यांचं दुकान बरं चाललं होतं. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते सांभाळत होती. अडचण नव्हतीच.

"न्हाई मॅडम. खोटं कशाला लिहायचं? दवाखाना, रस्ते, शाळा, समद्याचा टॅक्स भरलाय मी. लढाईच्या वाट्याचा तेवढा भरला न्हाई. मन होत न्हाई."

शेजारी बसलेल्या मन्मथनं मान खाली घातली. तो तिचा एकुलता मुलगा, फौजेत शिपाई, सुट्टीवर आलेला. बसस्टँडवर उतरल्या उतरल्याच त्याच्या कानावर आलं होतं. 'फौजीची आई फौजेला पैसे देईना,' असं कुणीतरी हसत म्हणालं होतं. त्या दिवशी तो जेवला नव्हता. लातूरला यायच्या आदल्या रात्री घरी त्यानं विषय काढलाच होता.

"अव्वा, माझा पगार बी त्यातूनच येतोय. माझे बूट, थंडीचे कपडे. कळत न्हाई का तुला?"

"कळतंय की. बूट मी घेऊन देते. कपडे घेऊन देते. गोळी तेवढी माझ्या हातानं घेऊन देणं होत न्हाई, बाळा."

"आन् समोरून गोळी आली तर?"

 तो भरती झाल्यापासून ती स्वतःलाच हे विचारत आली होती.  मग कधी कुणाला न सांगितलेलं तिनं सांगितलं.

"तुझा मल्लप्पामामा फौजेतून आला तवा निम्मा झाला व्हता. सरहद्दीवर त्यानं एकाला मारलं. जवळ जाऊन बघितलं तर पोरगंच. स्वेटर कोपरावर फाटलेलं, आन् घरच्या कुणीतरी दुसऱ्याच रंगाच्या लोकरीनं विणून बुजवलेलं. मामा मरेस्तोवर तेवढंच बोलत राहिला. 'शिवे, लोकर पिवळी व्हती गं.' मला ती बाई दिसती रे. सुई घेऊन बसलेली."

मन्मथ उठून झोपायला गेला. सकाळी मात्र, "मी येतो लातूरला," म्हणाला. आपल्या वतीनं हा माफी मागणार, ही धास्ती शिवम्माला वाटभर होती.

आता मॅडम त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही तरी समजवा. कायद्यात असं कारण बसत नाही. व्याज लागेल, दंड लागेल, शेवटी बँकेच्या खात्यातून वसुली होईल."

मन्मथ उठून उभा राहिला, सवयीनं ताठ. 

"मॅडम, मी फौजेत हाय. अव्वाचं मला पटत न्हाई. पण अडचण लिहू नका. तिला जे सांगायचंय ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या."

मॅडमनी पेन उचललं. शिवम्मा सांगत गेली, त्या लिहीत गेल्या. 'मन होत नाही' यापाशी त्या जराशा थांबल्या. मग तसंच लिहिलं. शिवम्मानं सही केली.

पुढे खात्यातून रक्कम गेलीच, दंडासकट. शिवम्मानं तक्रार केली नाही. "त्यांनी घेतली, मी दिली न्हाई," एवढंच ती म्हणाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढा वाटा भरला नाही.

त्या दिवशी मात्र परतीच्या एसटीत मायलेक एका बाकावर बसले होते.  नळेगाव यायच्या आत खिडकीशी बसलेल्या मन्मथला झोप लागली. रस्ता खराब होता, त्याचं डोकं खिडकीच्या दांडीवर आदळायला लागलं. शिवम्मानं हात लांब करून मधे तळहात धरला.

"मावशी, उठवा की त्यांना," कंडक्टर म्हणाला. "हात दुखंल तुमचा."

"राहू द्या. परवा जायचंय त्याला."

दर खड्ड्याला त्याचं डोकं तिच्या तळहातावर आपटत होतं. हाताला मुंग्या आल्या, मग तेही कळेनासं झालं. उदगीर येईपर्यंत तिनं हात काढला नाही.