वेलावरचं शेवटचं फूल

आपल्या पुण्यात फुलं चोरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. सगळे भाविक! भल्या सकाळी पिशवी आणि आकडीची काठी घेऊन निघतात आणि दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं आपल्या देवाला वाहतात. पुण्य कोणाच्या पदरात पडतं, देव जाणे.

सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीतले रंगराव असेच. निवृत्त अधिकारी, दत्ताचे भक्त, पिवळी फुलं हवीत म्हणजे हवीत. जिने झाडणाऱ्या द्वारकाने गेटजवळ भोपळ्याचा वेल लावला आणि त्यांची सोयच झाली. बुडाशी इवलासा भोपळा असलेली फुलं ते हुडकून हुडकून तोडत. "फूल आणि फळ एकदमच वाहिलं जातं," असं वर कौतुकानं सांगत. द्वारका कामावर येईतो यांची पूजा आटोपलेली असे.

भाद्रपद लागला तरी वेलावर भोपळा नाही. एका गुरुवारी ती लवकर आली, तर रंगराव फूल तोडताना समोरच! ती रडू लागली.

"अगं, भोपळ्यासाठी रडतेस? मंडईतून आणून देतो."

"भोपळा नको काका, बी पायजे हुतं. माय गेली, तिच्या गाडग्यात तीन बिया निघाल्या. एकच उगवली. मायचं वाण मंडईत कुठलं?"

"वेलच वांझ निघाला, त्याला मी काय करू?"

त्यांच्या पत्नी विजयमालाबाई शेजारीच होत्या. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या. त्यांनी पिशवीतून ते फूल काढलं.

"वांझ? अहो, भोपळ्याची नर फुलं वेगळी, मादी वेगळी. ही गाठ असते ती मादी. मधमाशीनं नर फुलाचे परागकण हिच्यावर आणले, तरच गाठीचा भोपळा होतो, आत बी धरतं. तुम्ही नेमक्या आयाच खुडल्यात! आणि मी? रोज मुकाट्यानं तबकात मांडल्या. शाळेत तीस वर्षं बडबडले, घरात तोंड उघडलं ते आज!"

रंगराव खजील झाले. "चुकलं गं, द्वारका."

"तोडलेलं फूल परत चिकटतंय व्हय, काका?"

दुसऱ्या दिवसापासून रंगराव रिकाम्या हातांनी वेलाची राखण करू लागले. इतर भाविकांना हटकू लागले. वेलाला आणखी पाच फुलं आली. पाचही नर. मग वेल वाळला.

मंडळी, फुलाला हात लावण्याआधी त्यात झाडाची पुढची पिढी आहे, एवढं आठवा. देव फुलावाचून रुसत नाही. द्वारकाच्या आईचं वाण मात्र आता दत्ताला साकडं घातलं तरी मिळायचं नाही.